बिग बॉस मराठी, पर्व पाचवं: दहावी-बारावीच्या पोरांसोबत बघताना

२८ जुलै ते ६ ऑक्टोबर २०२४, म्हणजे ७० दिवस. कलर्स मराठीवर रोज रात्री ९ वाजता आणि जिओसिनेमावर. १६ स्पर्धक एका बंद घरात गेले. आधीची चार पर्वं महेश मांजरेकरांनी सांभाळली होती, या वेळी त्या जागी रितेश देशमुख आला. सूरज चव्हाण जिंकला, १४ लाख ६० हजार घेऊन बारामतीकडे गेला. हे सगळं आता जुनं झालं. पण २०२५ च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र झाले, जिओहॉटस्टार आलं आणि अशा कार्यक्रमांना नऊची वेळ उरली नाही. दिवाणखान्यात आजीसोबत बघायचा कार्यक्रम आता पांघरुणाखाली, इअरफोन लावून, एका रात्रीत चार-चार भाग असा बघितला जातो. म्हणून हे परीक्षण कोण चांगलं खेळलं याचं नाही. या घरात प्रेम, मैत्री, भांडण कसं तयार होतं, पडद्यावर कसं येतं आणि पंधरा-सोळा वर्षांचं पोर त्यातून काय उचलतं, एवढ्यापुरतंच आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. हे पर्व दोघातिघांनी बसून, बोलत बघायला चांगलं आहे. एकट्याने फोनवर, तेही तुकड्यातुकड्यांनी बघायला वाईट.

पालकांची पहिली चूक होते ती "सगळं स्क्रिप्टेड असतं, सोड" असं म्हणण्यात. पोरांना ते पटत नाही आणि त्यांचं बरोबर असतं. रडणं खरं असतं, हेवा खरा असतो, "तुझ्याशिवाय करमत नाही" हेसुद्धा खरं असतं. बनावट असते ती परिस्थिती. हा साचा १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये जॉन डी मोलच्या कंपनीने 'बिग ब्रदर' म्हणून तयार केला आणि तेव्हापासून त्याची कळ तीच आहे: माणसाचं बाहेरचं सगळं काढून घ्यायचं आणि समोर फक्त माणसं ठेवायची. फोन नाही, वर्तमानपत्र नाही, टीव्ही नाही, भिंतीवर घड्याळ नाही. सकाळी गाणं वाजलं की उठायचं, दिवसा डोळा लागला की गजर, दिवे बंद होतील तेव्हा झोपायचं. माइक सतत अंगावर. पलंगही बहुतेकांना वाटून घ्यावे लागतात, त्यामुळे कोण कुणाशेजारी झोपतं हा पहिल्याच रात्रीचा विषय होतो.

आता साधा हिशेब करा. कॉलेजातली जोडी दिवसाला दोन तास, आठवड्याचे पाच दिवस भेटली तर दहा तास झाले. घरातले दोघं दिवसाचे सोळा तास जागे आणि समोरासमोर असतात, म्हणजे आठवड्याला ११२ तास. बाहेर अकरा आठवड्यांत जेवढा सहवास होतो तेवढा आत एका आठवड्यात होतो. मध्ये अभ्यास नाही, नोकरी नाही, आईचा फोन नाही, कुणाचा रिप्लाय यायची वाट बघणं नाही. तिसऱ्या आठवड्यात दोघं एकमेकांसाठी रडत असतील तर त्यात नवल काय? पण बघणारं पोर ११२ तास बघत नाही, ते पाऊण तास बघतं. त्याला वाटतं, प्रेम तिसऱ्या आठवड्यात या पट्टीत असायला हवं. आपलं त्या पट्टीत नाही म्हणजे आपलंच कुठेतरी चुकतंय.

पाऊण तासाचा हिशेबही बघून घ्या. दिवसाची १४४० मिनिटं. जाहिराती वगळता भागात साधारण ४५ मिनिटं येतात, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. आणि ती एका माणसाची नव्हेत, १६ जणांची वाटून. या तीन टक्क्यांत काय जातं? एकत्र भांडी घासणं जात नाही. शेजारी बसून तासभर काहीच न बोलणं जात नाही. काल भांडलेले दोघं आज सकाळी "चहा ठेवू का?" म्हणतात, मग हळूहळू नीट बोलायला लागतात, हे तर अजिबातच जात नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही घडत नसतं. नातं टिकतं ते नेमकं याच सत्त्याण्णव टक्क्यांत. पडद्यावर भांडण येतं, रडणं येतं, मिठी येते. भांडणातून मिठीपर्यंत जाणारा रस्ता एडिट टेबलावर पडून राहतो.

या टेबलाच्या काही खुणा डोळ्यांना ओळखता येतात. एकदा कळल्या की मग दिसतच राहतात. नमुना म्हणून गार्डनमधल्या सोफ्यावरची एक ठरावीक बैठक घ्या. मुलगी बोलते आहे, "मला नाही आवडलं ते." लगेच मुलाचा चेहरा, डोळे खाली. मग तिसऱ्याचा चेहरा, लांबून बघतोय, ओठ आवळलेले. खाली तंतुवाद्याचा सूर. आता भाग थांबवा आणि चार गोष्टी तपासा. एक, कोपऱ्यातली वेळ. या कार्यक्रमात पडद्यावर दिवस आणि वेळ येते, ती वाक्याच्या मध्ये उडी मारते का? दोन, तिसऱ्या माणसाचे कपडे आणि केस. वाक्य संध्याकाळचं आणि बघणाऱ्याचे केस नुकतेच न्हालेले असतील तर तो चेहरा सकाळचा आहे, तो कदाचित डाळीच्या डब्याकडे बघत होता. तीन, बोलणाऱ्याचं तोंड. महत्त्वाचं वाक्य येताना कॅमेरा पाठीमागून किंवा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर असेल तर ते वाक्य दुसरीकडून उचलून जोडलेलं असू शकतं. एका वाक्याचं पूर्वार्ध आणि दुसऱ्याचं उत्तरार्ध जोडायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. चार, मागचा आवाज. पंख्याची घरघर किंवा बाहेरचे पक्षी वाक्याच्या मधोमध बंद झाले तर तिथे कात्री लागली आहे. संगीत त्याच जागी सुरू होत असेल तर ते बहुतेक शिवण झाकायला आहे.

प्रत्येक वेळी फसवाफसवीच असते असं नाही. कधी कधी १६ जणांच्या गोंधळात दुसरा इलाज नसतो. पण सोळा वर्षांच्या मुलीला एकदा ओले-कोरडे केस दाखवून दिले की तिला दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही. ती स्वतःच पुढच्या भागात तीन शिवणी शोधून काढते आणि तुम्हाला दाखवते.

प्रोमो तर याहून वाईट. तीस सेकंदांत प्रश्न एका टास्कमधला आणि उत्तर दुसऱ्यातलं असू शकतं. जे भांडण प्रोमोत घर फोडणारं वाटतं ते भागात दीड मिनिटात हसण्यावारी जातं. अडचण अशी की बरीच पोरं भाग बघतच नाहीत, प्रोमो आणि रील बघतात. त्यांच्या वाट्याला शनिवार-रविवारचा समाचारही येत नाही. तो मात्र बघायला हवा, कारण या पर्वाची नात्यांबद्दलची खरी भूमिका तिथेच कळते.

रितेशच्या वीकेंडचं नाव 'भाऊचा धक्का'. मांजरेकरांच्या काळात तो आधी 'वीकेंडचा डाव' आणि नंतर 'बिग बॉसची चावडी' होता. नावं बदलली तरी काम तेच: आठवडाभराच्या वागण्याचा जाहीर निवाडा. रितेशने हा निवाडा काही बाबतींत छान केला. वर्षा उसगांवकरांशी निक्की तांबोळी ज्या भाषेत बोलली त्याबद्दल तिला पहिल्याच धक्क्यावर सुनावलं. जान्हवी किल्लेकर पंढरीनाथ कांबळेच्या अभिनयाबद्दल घालूनपाडून बोलली तेव्हा तिची रवानगी थेट घरातल्या जेलमध्ये झाली. आर्या जाधवने टास्कमध्ये निक्कीवर हात उचलला, आर्या घराबाहेर. वडीलधाऱ्यांचा मान, कलावंताचा मान, मारहाण नाही, या तीन रेषा स्पष्ट होत्या आणि त्या पोरांपर्यंत पोचल्या.

जोडीतलं वागणं या रेषांच्या आत बसत नाही, इथे कार्यक्रम कच्चा पडतो. निक्की आणि अरबाज पटेल ही या पर्वाची गाजलेली जोडी. अरबाज त्याच वर्षी 'स्प्लिट्सव्हिला'चं पंधरावं पर्व करून आलेला, म्हणजे जोडी जमवण्याच्या कार्यक्रमातून थेट या घरात. मधल्या एका आठवड्यात 'जोडी की बेडी' आली, दोन-दोन जणांना एकमेकांना जखडलं गेलं. निक्कीच्या वाट्याला अभिजीत सावंत आला आणि अरबाजच्या वाट्याला आर्या. टास्क कुणी आखला असेल त्याला सलाम, कारण त्याला नेमकं माहीत होतं काय होणार. निक्की अभिजीतशी हसून बोलली की कॅमेरा अरबाजच्या चेहऱ्यावर. पुन्हा हसली, पुन्हा चेहरा. तो आठवडा बघा आणि मोजा, किती वेळा.

कार्यक्रम या हेव्याला चूकही म्हणत नाही आणि बरोबरही म्हणत नाही. त्याला सूर देतो. आणि सूर दिला की बघणाऱ्याच्या मनात ते प्रेमाच्या खात्यात जमा होतं. ती कुणाशी बोलते यावर लक्ष ठेवणं, रुसून बसणं, समोरच्याने मनवायला यावं म्हणून जेवण टाळणं, हे सगळं पडद्यावर "किती जीव लावतो" असं दिसतं. वीकेंडला जोडीतल्या माणसाला जाब विचारला जातो तो खेळाचा: तुझा स्वतःचा खेळ कुठे आहे? तिच्या मागे का फिरतोस? "तिनं कुणाशी बोलावं हे तू कोण ठरवणार?" हा प्रश्न त्या जागी हवा होता. नातं चुकीचं आहे ते ट्रॉफीपासून लांब नेतं म्हणून, दुसऱ्याचा श्वास कोंडतो म्हणून नव्हे, असा हिशेब पोरांपुढे जातो.

पोरांच्या बोलण्यात घरातले शब्द उतरतात तेव्हा परिणाम दिसायला लागतो. "फुटेज खातोय", "कंटेंट देतेय", "सेफ खेळू नको", हे निव्वळ चेष्टेचे आहेत, त्यांची चिंता नको. एका शब्दप्रयोगाकडे मात्र लक्ष ठेवा: "स्टँड घेणं". "तू माझ्यासाठी स्टँड घेतला नाहीस." घरात या वाक्याला अर्थ आहे, कारण घराचा आठवडाच नॉमिनेशनवर, म्हणजे कुणाला घराबाहेर काढायचं याची नावं सुचवण्यावर, उभा आहे. सगळ्यांसमोर नाव घ्यायचं, कारण द्यायचं. जो तुमच्या बाजूने सगळ्यांदेखत बोलत नाही तो पुढच्या फेरीत तुमच्या विरोधात जाऊ शकतो. म्हणून तिथे मैत्री म्हणजे जाहीर साक्ष. गप्प राहणारा मित्र तिथे परवडत नाही. या पर्वात टीम ए आणि टीम बी असे दोन तट पहिल्याच आठवड्यांत पडले आणि मग प्रत्येक भांडणात पहिला प्रश्न "तू कुणाच्या बाजूने?" असाच राहिला.

हाच नियम नववीच्या वर्गात आणला की काय होतं? दोन मैत्रिणींचं भांडण झालं, तिसरी गप्प बसली, तर तिसरीला ग्रुपमधून काढलं जातं. काढतात तेही बिग बॉसच्या पद्धतीने: कारणं मोजून, स्क्रीनशॉट लावून. वर्गात नॉमिनेशन नसतं, पण वागणं नॉमिनेशनचं येतं. बाजूला घेऊन "अगं, चूक तुझी होती" म्हणणारी मैत्रीण या पट्टीवर गद्दार ठरते. हे पोराशी बोलायचं असेल तर उपदेश नको, एकच प्रश्न पुरतो: "घरात नॉमिनेशन नसतं तर यांनी स्टँड मागितला असता का?"

आता या पर्वाची जमेची बाजू. ती मोठी आहे आणि प्रोमोत सापडणार नाही. पंढरीनाथ कांबळे, म्हणजे आपला पॅडी, आणि सूरज चव्हाण. सूरज बारामतीकडच्या मोढव्याचा, शाळा अर्धवट सुटलेली, वाचायला अडखळणारा. घरात टास्कचं पत्र आलं की ते त्याला वाचून दाखवायचं, नियम सोप्या मराठीत सांगायचा, समजलं का हे विचारायचं, हे काम पॅडीने अंगावर घेतलं. कुठे टाळी नाही, कुठे "बघा मी याच्यासाठी काय करतोय" नाही. पॅडी बाहेर गेला तेव्हा सूरज रडला, आणि त्या रडण्यामागची मेहनत आधीच्या भागांत पाचपाच मिनिटं विखुरलेली सापडते. अंकिता वालावलकर आणि धनंजय पोवार यांनीही त्याला भावासारखं धरलं. पुरुषाने पुरुषाची काळजी घेणं, ती भाषेतून आणि जेवणातून दाखवणं, आणि त्याची थट्टा न होणं, हे मराठी टीव्हीवर रोज रात्री नऊला दिसत नाही. या पर्वात दिसलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना दाखवायचं असेल तर हे दाखवा.

सूरजवरून आठवलं, 'गुलिगत धोका'. त्याच्या रील्समधून आलेला हा शब्द या पर्वानंतर गल्लोगल्ली पोचला. मुलीने धोका दिला, गुलिगत दिला. ऐकायला गंमत आहे आणि सूरजच्या तोंडी ती गंमतच आहे, त्यात कुणाबद्दल विष नाही. पण आठवीतला मुलगा मुलीने "नाही" म्हटल्यावर हाच शब्द वापरतो तेव्हा नकार आणि धोका या दोन गोष्टी एक झालेल्या असतात. धोका द्यायला आधी वचन लागतं. एवढं वाक्य त्या वेळी हसत हसत टाकलं तरी पुरे.

घराबाहेर या नात्यांचं पुढे काय होतं, हेही पोरांना माहीत असावं. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात शिव ठाकरे आणि वीणा जगताप ही जोडी डोक्यावर घेतली गेली. शिव जिंकला, पुढे दोघं वेगळे झाले. चौथ्या पर्वात प्रसाद जवादे आणि अमृता देशमुख यांची ओळख-मैत्री झाली, घर संपल्यावर ती वाढली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी लग्न केलं. हिंदीत २०१० च्या चौथ्या पर्वात सारा खान आणि अली मर्चंट यांचं लग्नच घरात लावलं गेलं, ते फार टिकलं नाही. यावरून नियम काढण्यात अर्थ नाही, तीन उदाहरणांवर नियम निघत नाहीत. पण जे नातं कॅमेरे बंद झाल्यावर, फोन परत हातात आल्यावर, घरच्यांच्या आणि कामाच्या रगाड्यात वाढलं तेच टिकलेलं दिसतं, एवढं तरी लक्षात येतं. फॅन मंडळी मात्र दोन नावांचं एक नाव करून, हिंदीतल्या सिद्धार्थ शुक्ला-शहनाज गिलच्या 'सिडनाज'सारखं, वर्षानुवर्षं ती जोडी चालू ठेवतात. पडद्यावरच्या माणसाशी अशी एकतर्फी जवळीक जडते हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच मांडलं होतं, तेही रेडिओ-टीव्हीच्या निवेदकांना बघून. त्यांच्या वेळी निवेदक उत्तर देत नव्हता. आता पोरं मत देतात आणि मत दिलं की नातं "आपण वाचवलं" असं वाटतं. ती जोडी तुटली की मग मनाला लागतं, अगदी घरातलं माणूस गेल्यासारखं. हसू नका अशा वेळी.

तुलना करायची तर 'स्प्लिट्सव्हिला'शी. तिथे २०१७ च्या दहाव्या पर्वापासून 'आयडियल मॅच' नावाचा प्रकार आला: जोडी जमते की नाही हे यंत्रासमोर उभं राहून कळतं, दिवा लागला तर आदर्श. त्यातला विज्ञानाचा आव सोडला तर तो सरळ खेळ आहे. जोड्या डावपेचासाठी लागतात, हे सगळे उघड बोलतात. त्याच्या तेराव्या पर्वाचा विजेता ठाण्याचा जय दुधाणे पुढे बिग बॉस मराठीच्या तिसऱ्या पर्वात उपविजेता झाला. विचित्र वाटेल, पण नात्यांच्या बाबतीत 'स्प्लिट्सव्हिला' कमी फसवा आहे. तिथे प्रेम हे चलन आहे हे पहिल्या मिनिटापासून माहीत असतं. बिग बॉसमध्ये तेच चलन 'कुटुंबाचा कार्यक्रम' या पाकिटात घालून येतं, आणि ते उघडून बघायचं सुचत नाही.

विलायतेतल्या 'लव्ह आयलंड' या जोड्या जमवण्याच्या कार्यक्रमाचं एक प्रकरण एडिटिंगच्या बाबतीत सांगण्यासारखं आहे. २०१८ मध्ये डॅनी डायर या स्पर्धक मुलीला तिच्या जोडीदाराचा एक छोटा तुकडा दाखवला गेला: दुसऱ्या घरात त्याची जुनी मैत्रीण आली आहे आणि तो हबकला आहे. पुढचं-मागचं काहीच नाही. मुलगी कोसळली आणि तिथल्या नियामकाकडे, ऑफकॉमकडे, अडीच हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. मुलाने काहीच केलेलं नव्हतं, तुकडाच तसा कापला होता. एप्रिल २०२१ पासून ऑफकॉमने भाग घेणाऱ्यांच्या मनःस्थितीची काळजी घेण्याचे नियम लागू केले. बघणारी पोरं मित्रांची भांडणं अशाच तुकड्यांवर करतात, फक्त त्यांच्या तुकड्याला स्क्रीनशॉट म्हणतात.

परिणाम खरंच होतो का? अमेरिकेत गर्ल स्काउट्सच्या संशोधन विभागाने २०११ मध्ये ११ ते १७ वयाच्या हजाराहून जास्त मुलींना विचारलं. रिॲलिटी शो नियमित बघणाऱ्यांपैकी ७८ टक्के म्हणाल्या की मुलींच्या मैत्रीत पाठीमागची कुजबुज चालायचीच, न बघणाऱ्यांत हे प्रमाण ५४ टक्के. मुलाचं लक्ष मिळवायला मुलींना एकमेकींशी स्पर्धा करावी लागते असं मानणाऱ्या अनुक्रमे ७४ आणि ६३ टक्के. यातून शोमुळेच असं झालं हे सिद्ध होत नाही, असा विचार करणाऱ्या मुलीच असे शो जास्त बघत असतील. आणि याच पाहणीत नियमित बघणाऱ्या मुली पुढाकार घ्यायच्या बाबतीत पुढेही होत्या. तेव्हा टीव्ही फोडायची गरज नाही. दोन्ही गोष्टी एकाच पेटीतून येतात.

बघण्याची पद्धत मात्र हवी, आणि ती अशी. आठवड्याला एक रोजचा भाग आणि त्या आठवड्याचा भाऊचा धक्का, एवढंच एकत्र बघा. सत्तर दिवस सगळे बघायचं ठरवलंत तर दुसऱ्या आठवड्यात तुम्हीच दमाल आणि पोर एकटं पुढे जाईल. हातात कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: हेव्याचा प्रसंग, माफीचा प्रसंग, काळजीचा प्रसंग. काळजी म्हणजे कुणी कुणाला पाणी दिलं, पत्र वाचून दाखवलं, जेवण वाढलं. प्रत्येकाला एक रेघ. भाग संपल्यावर रेघा मोजा. माफीच्या रकान्यात आणखी एक खूण करा: माफी एकांतात मागितली की सगळ्यांसमोर, आणि मागितल्यानंतर वागणं बदललं की नाही. हा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो आणि त्यावरूनच चांगलं बोलणं निघतं.

भागात चारपेक्षा जास्त वेळा थांबवू नका, नाहीतर पोर वैतागतं. थांबवल्यावर मत सांगू नका, "पुढे काय दाखवतील?" एवढंच विचारा. पोरांना एडिटरच्या खुर्चीत बसायला आवडतं. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे: आई किंवा बाबा निक्कीला नावं ठेवायला लागतात, तिच्या कपड्यांवर, बोलण्यावर. पोराला लगेच कळतं की हा कार्यक्रमाचा विषय नसून आपल्यासाठीचा निरोप आहे. मग ते तुमच्यासमोर बघणं बंद करतं आणि रीलवर जातं. मुलींच्या बाबतीत हे दुप्पट. त्याच आठवड्यात अरबाजबद्दल तुम्ही काही बोलला नसाल तर तेही त्यांच्या लक्षात असतं.

कुजबुजीचे प्रसंग वगळू नका. दोघं पांघरूण ओढून बोलतात, आवाज माइकमधून येतो आणि खाली अक्षरं उमटतात. हे दृश्य थांबवून विचारण्यासारखं आहे: हे दोघं एकांतात आहेत का? त्यांना माहीत आहे की ऐकू जातंय. मग हे बोलणं एकमेकांसाठी आहे की खालच्या अक्षरांसाठी? सोळा वर्षांच्या पोराला याचं उत्तर पटकन येतं, कारण ते स्वतः स्टेटस टाकतं.

वयाचं कुलूप: भाग सुरू होताना दिसणारं वयाचं चिन्ह बघा. २०२१ च्या आयटी नियमांनुसार ॲपना यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशी वर्गवारी द्यावी लागते आणि १३+ पासून वरच्या वर्गांना पालकांचं कुलूप उपलब्ध ठेवावं लागतं. मुलाची वेगळी प्रोफाइल करा आणि पिन तुमच्या प्रोफाइललाही लावा. पिन फक्त मुलाच्या प्रोफाइलला लावून तुमची उघडी ठेवली तर काही उपयोग नाही. आणि जन्मतारीख पिन म्हणून ठेवू नका, घरात ती सगळ्यांना पाठ असते. हेही लक्षात ठेवा की हे कुलूप ॲपला आहे, यूट्यूबवरच्या आणि इन्स्टावरच्या तुकड्यांना नाही.

एखादा भाग खरोखर आक्षेपार्ह वाटला तर समाजमाध्यमावर शिव्या देऊन त्या भागाची जाहिरात करू नका. ॲप असो की वाहिनी, दोघांनाही तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने २४ तासांत तक्रारीची पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढची पायरी वाहिन्यांच्या संघटनेची परिषद, तिच्या डोक्यावर निवृत्त न्यायाधीश असतात. २०१० मध्ये केंद्राने हिंदी बिग बॉस रात्री ११ नंतर दाखवा असा आदेश काढला होता, मुंबई उच्च न्यायालयात त्याला स्थगिती मिळाली. म्हणजे "बंद करा" या मागणीतून फारसं निघत नाही. तक्रारीत भागाची तारीख, दिवस क्रमांक, कितव्या मिनिटाला काय, कोण कुणाला काय म्हणालं, आणि ते कोणत्या वयासाठी अयोग्य वाटतं एवढं लिहा. "संस्कृतीला धक्का" असं लिहिलेली तक्रार वाचणाऱ्याला नेमकं काय तपासायचं तेच कळत नाही. मिनिट लिहिलेली तक्रार त्याला उघडून बघावीच लागते.

सुरुवात कुठून करावी? पहिला भाग सोडा, त्यात नाचगाणं आणि ओळखपरेडच आहे. 'जोडी की बेडी'चा आठवडा घ्या, त्याचा धक्का घ्या, मग पॅडी बाहेर जातो तो भाग. मध्ये दोन दिवस जाऊ द्या. कागद जपून ठेवा, दुसऱ्या भागाच्या रेघा पहिल्याच्या शेजारी लागतात.